पत्र पंचायतीचं, पाणी काकांच्या शेतात

सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आमच्या व्हॉट्सॲप गटावर एक फोटो आला. आदल्या दिवशी बावीस जणांनी घाम गाळून घातलेला बंधारा मधोमध फुटला होता. दहा-बारा पोती खाली ओढ्यात लोळत पडली होती आणि ओढा निवांत वाहत होता. गावातल्या ओळखीच्या पोरानं फोटोखाली एवढंच लिहिलं होतं : "रात्री फोडलेत."

नऊ वाजेपर्यंत गटावर चाळीसेक संदेश जमले. 'यांना कदरच नाही', 'आपण मरायचं कुणासाठी', 'पुढच्या वर्षी दुसरं गाव बघू.' एकानं तर पोलिसांत तक्रार द्यावी असं सुचवलं. त्यात माझाही एक संदेश होता आणि तो आता मला वाचवत नाही.

हिवाळ्यात गावाकडे श्रमदानाला जाणारे गट आपल्या भागात वाढले आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे. म्हणूनच आमचं हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे. काम चांगलं होतं, माणसं चांगली होती, परवानगी होती, तरीही एका माणसाचं भात भिजलं. कसं, ते पाहू.

ओढा

गाव खानापूर तालुक्यातलं आहे. नाव देत नाही, कारण ओढ्याकाठची चार घरं लगेच ओळखू येतील. बेळगावहून खानापूर सव्वीस किलोमीटर. तिथून पश्चिमेला वळलं की सपाटी संपते, जांभ्या दगडाचे माळ आणि त्यांच्या मधल्या घळींत उतरणारी भाताची खाचरं सुरू होतात. गावाचा ओढा पुढे मलप्रभेला मिळतो. मलप्रभा याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावते आणि सौंदत्तीजवळ नविलतीर्थाच्या धरणात अडते. म्हणजे उत्तर कर्नाटकातल्या कितीतरी गावांच्या पाण्याची सुरुवात या डोंगरांत आहे. आणि याच डोंगरांतल्या बायका मार्च-एप्रिलमध्ये घागरी घेऊन लांबची विहीर गाठतात.

यात गूढ काही नाही. जांभा चाळणीसारखा असतो. धो धो पडलेलं पाणी तो पिऊन टाकतो आणि तितक्याच लवकर घळीतून सोडूनही देतो. दसऱ्यानंतर पाऊस थांबला की ओढ्यात वाहतं ते हे झिरपलेलं पाणी. कार्तिकात ते पोटरीभर असतं, पौषात घोट्याखाली जातं, माघ सरता सरता नुसती डबकी उरतात.

त्यामुळे पाणी अडवायचं तर हिवाळ्यातच. पावसाळ्यात पोत्यांचा बंधारा टिकत नाही आणि उन्हाळ्यात अडवायला पाणी नसतं. रिकाम्या सिमेंटच्या पोत्यांत माती-वाळू भरून त्यांची भिंत रचायची, याला महाराष्ट्रात वनराई बंधारा म्हणतात. मोहन धारियांच्या वनराई संस्थेवरून हे नाव रुळलं, आणि सीमेच्या अलीकडे आम्हीही तेच वापरतो. खर्च जवळजवळ शून्य, यंत्र नको, इंजिनीअर नको. आमच्या बाबतीत हा 'इंजिनीअर नको' भागच महागात पडला, पण ते पुढे.

आम्ही कोण आणि आमच्याकडे काय होतं

टिळकवाडी, शहापूर, वडगाव इथली पंचवीस-तीस माणसं. एक निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना सगळे 'सर' म्हणतात. उद्यमबागेत फाउंड्रीत काम करणारे दोघे, बँकेतले तिघे, कॉलेजच्या मुली, आणि मी. संस्था नाही, पावतीपुस्तक नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दर दुसऱ्या रविवारी सकाळी साडेसहाला ट्रॅक्स निघते, डबे आपापले. कधी माळावरची रानमोडी, म्हणजे परकं तण, उपटायची, कधी देवराईच्या कडेचं प्लास्टिक वेचायचं. एकदा वनखात्याच्या माणसांबरोबर वणवा अडवणारी जाळरेषा काढायला गेलो होतो. जंगलाच्या हद्दीतलं काम त्यांना सोडून करायचं नसतं, आणि अभयारण्यात तर परवानगीशिवाय पाऊलही टाकता येत नाही, हे एव्हाना आम्हाला पाठ झालं होतं.

म्हणून बंधाऱ्यासाठीही आम्ही आधी पंचायत गाठली. अर्ज मराठीत नेला, तो परत आला. गाव मराठी, अर्ज करणारे मराठी, पण दप्तर कन्नड. सरांनी कन्नडमध्ये लिहून घेतला, तर पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, बैठकीला गेलेले. तिसऱ्या खेपेला गोल शिक्क्याचं पत्र हातात पडलं : अमुक ओढ्यावर तात्पुरता बंधारा घालण्यास हरकत नाही. त्या पत्राचा आम्हाला एवढा आनंद झाला की फोटो काढून गटावर टाकला. तीन खेपा घालून मिळवलेल्या कागदाचं असं होतं. आता विचारायचं कुणाला बाकी राहिलंय, हा प्रश्नच मग डोक्यात येत नाही.

तो रविवार

कार्तिकी होऊन दोन आठवडे झाले होते. पंढरपूरला गेलेली माणसं परतली होती आणि सुगी ऐन भरात होती. घळीत उतरलो तेव्हा सव्वाआठ वाजले होते. ऊन अजून वरच्या काठावरच होतं, खाली गवतावर दव आणि पाण्यावर धूर. पहिले दहा मिनिटं कुणी पाण्यात पाय घालायला तयार नव्हतं. फाउंड्रीतला एकजण उतरला आणि ज्या शिव्या त्यानं पाण्याला घातल्या त्या ऐकून बाकीचे हसत हसत उतरले.

हिवाळ्यातल्या कामाचं एक सांगायला हवं. थंडीचा त्रास सकाळी एक तासच होतो. खरा धोका दगड उलटताना. पोत्यांच्या पायासाठी तळातले गोटे काढावे लागतात, आणि जांभ्याच्या सापटीत फुरसं, भाताच्या कडेला घोणस, शिवाय विंचू. त्यामुळे आधी पहारीनं हलवायचं, मग हात घालायचा. चपला नकोत, बूट. आणि सर्पदंश झाला तर तालुक्याचं सरकारी रुग्णालय किती मिनिटांवर आहे आणि गाडीची किल्ली कुणाच्या खिशात आहे, हे सकाळीच सगळ्यांना सांगून ठेवायचं. आम्ही ते करतो. जे करायला हवं त्यातलं बरंच आम्ही करत होतो, म्हणून तर चुकलेलं उशिरा कळलं.

जागा निवडली ती सोयीची. रस्त्यापासून पन्नास पावलं, काठ मोकळा, पोती उतरवायला सोपं. ओढा तिथं सात मीटर रुंद. पाया फूटभर खणला, दोन्ही काठांत पोती घुसतील अशा खाचा काढल्या. मग तीन टोळ्या : भरणारे, शिवणारे, वाहणारे. पोतं गळ्यापर्यंत भरायचं नाही. भरगच्च पोतं गोल होतं आणि घरंगळतं, पाऊण भरलेलं नीट बसतं. दाभण आणि सुतळीनं तोंड शिवायचं. रचताना विटांसारखे सांधे मोडायचे. खाली पावणेदोन मीटर रुंद, वर येता येता दोन फूट. आठ थर, एकशेपाच सेंटीमीटर उंची. साडेतीनशे पोती लागली. एक पोतं चाळीस किलोच्या आसपास, म्हणजे दिवसभरात चौदा टन माती माणसांनी हातांनी उचलली. ती जाडी उगाच नसते. मीटरभर खोल पाणी भिंतीच्या दर मीटर लांबीला सुमारे ५०० किलोचा रेटा देतं.

दुपारी भाकरी, मसुराची आमटी, कुणी आणलेला चिरमुऱ्याचा सुसला. गावातून दोन पोरं आली होती, तीही पाहायला. आमच्यातले एकजण म्हणाले, "बघा, यांच्यासाठी करतोय आणि यांचाच पत्ता नाही." मान डोलावणाऱ्यांत मी होतो. आजूबाजूच्या प्रत्येक खाचरात माणसं वाकून भात कापत होती, हे आम्ही बघत होतो आणि दिसत नव्हतं. वाटेनं भारा घेऊन चाललेल्या एका आजीनं विचारलं, "या पोत्यामागं किती मिळतंय तुम्हाला?" काहीच नाही म्हटल्यावर तिनं जे पाहिलं त्यात अविश्वास होता. रोजगार हमीच्या कामांचे फलक पाहिलेल्या गावात फुकट राबणारी शहरी माणसं म्हणजे काहीतरी काळंबेरं, असंच कुणालाही वाटेल.

साडेचारला शेवटचं पोतं बसलं. पाणी थांबलं. मागे हळूहळू चढू लागलं. फोटो निघाले. पावणेसहाला गाडी सुटली तेव्हा पाणी दोन फुटांवर आलं होतं आणि आम्ही गाडीत गाणी म्हणत होतो.

रात्र

बुधवारी सर आणि मी गावात गेलो. मी रजा टाकली, सरांना रजेची गरज नाही. फोडणाऱ्याला शोधायला फार कष्ट पडले नाहीत. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला डाव्या काठावर ज्यांचं खाचर आहे ते काका बांधावरच बसले होते. सरांनी नमस्कार केला आणि बंधाऱ्याचं काय झालं म्हणून विचारलं.

"मीच फोडलो की," काका म्हणाले. "पाणी शेतात आलं, मग काय करू?"

त्या रात्री ते शेतातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, राखणीला होते. या पट्ट्यात सुगीच्या दिवसांत दांडेलीकडून हत्ती येतात, गवे आणि डुकरं तर आहेतच. कापलेलं भात पसरलेलं असलं की कुणीतरी रात्र जागवावीच लागते. साडेदहाच्या सुमाराला खालून बुडबुड आवाज आला. त्यांना वाटलं डुकरं. बॅटरी घेऊन खाली उतरले तर खाचराच्या खालच्या कोपऱ्यात पाय घोट्याएवढ्या पाण्यात. भात कापायच्या आधी खाचर वाळावं म्हणून ओढ्याकडच्या बांधाला मोरी पाडतात. शेतातलं पाणी बाहेर काढायची तीच मोरी, आणि तिच्यातूनच ओढा उलटा आत शिरला होता.

त्यांनी आधी मोरी बुजवायचा प्रयत्न केला. पाणी बांधावरच्या खेकड्यांच्या बिळांतून येऊ लागलं. मग एकट्यानं, रात्री अकराला, त्या थंडीत कमरेएवढ्या पाण्यात उतरून मधली पोती ओढून काढली. नंतर पहाटेपर्यंत भिजलेलं भात उचलून वरच्या बांधावर टाकलं. पाच गुंठ्यांचा कोपरा. सगळं उचलून झालं नाही.

आम्ही गेलो तेव्हा तळाच्या पेंढ्यांतल्या दाण्यांना मोड दिसत होते आणि पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, काळं पडायला लागलं होतं. दोन पोती भात गेलं असेल, असं काकांनी सांगितलं. रागानं नाही, नुसतं सांगितलं. सरांनी खिशातून पंचायतीचं पत्र काढलं. मला वाटतं तेवढ्या दिवसात त्यांच्याकडून झालेली ती एकच चूक असेल. काकांनी पत्र हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं, परत दिलं.

"हे बरोबर आहे हो सर. पण ओढ्याला लागून शेत माझं. मला कोण विचारलं?"

उत्तर नव्हतंच. परत येताना वाटेत आणखी एक तक्रार मिळाली. खालच्या वस्तीवरच्या मावशींनी थांबवलं. रविवारी सांजेला भांडी घासायला ओढ्यावर गेल्या तर ओढ्यात पाणीच नाही. "वर काय झालं म्हणून पोरगं पाठवलो बघायला. ते येऊन सांगतंय, बेळगावचे लोक ओढा बंद केलेत."

हिशेब, जो आधी करायचा होता

शनिवारी संध्याकाळी सरांच्या घरी बसून आम्ही आकडे मांडले. ते इथे देतो, कारण बंधारा घालणाऱ्या कोणत्याही गटाला अर्ध्या तासात हे करता येतं, आणि आम्ही केलं नव्हतं.

ओढ्यात किती पाणी येतं ते मोजायला वाळलेलं पान पुरतं. पाच मीटर अंतर जायला पानाला वीस सेकंद लागली, म्हणजे वरच्या थराचा वेग सेकंदाला २५ सेंटीमीटर. तळाशी पाणी हळू जातं म्हणून त्याच्या आठ दशांश धरायचं : २० सेंटीमीटर. प्रवाह एक मीटर रुंद, सरासरी साडेसात सेंटीमीटर खोल. गुणाकार केला की सेकंदाला १५ लिटर.

आता बंधाऱ्यामागे पाणी किती लांब जाणार, ते ओढ्याच्या उतारावर ठरतं. तो मोजायला फाउंड्रीतल्या मित्रानं गवंड्याकडून पाण्याची पारदर्शक नळी आणली. दोन टोकांना पाणी एका पातळीत राहतं, बाकी काठी आणि टेप. काकांनाच बरोबर घेऊन मोजलं. १२० मीटर अंतरात एक मीटर उतार. म्हणजे एकशेपाच सेंटीमीटर उंचीच्या भिंतीमागे पाणी १२६ मीटरपर्यंत पसरणार. साठा साधारण तीनशे घनमीटर, तीन लाख लिटर. सेकंदाला पंधरा लिटरनं तो भरायला साडेपाच तास. साडेचारला बंद केलेला बंधारा दहा वाजता काठोकाठ. काकांनी साडेदहाला आवाज ऐकला होता. कागदावर तो आकडा आला तेव्हा सर पेन्सिल ठेवून थोडा वेळ गप्प बसले.

आणि काकांच्या खाचराचा खालचा कोपरा? बंधाऱ्यापासून चाळीस मीटर वर, आणि बंधाऱ्याच्या माथ्यापेक्षा २५ सेंटीमीटर खाली. आम्ही उभे होतो तिथून हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, कारण मध्ये बांध आहे आणि बांधावर निरगुडी. पण ज्याचं शेत आहे त्याला हे मोजावंही लागत नाही. त्याला ते माहीतच असतं.

मावशींचंही गणित त्यातच आलं. तीन लाख लिटर भरेपर्यंत खाली थेंब जाणार नाही, साडेपाच तास. आपण पाणी अडवतो तेव्हा कुणाचं तरी अडवतो, हे खरं म्हणजे शब्दातच आहे.

मळणी

नुकसानभरपाई द्यावी यावर गटात एकमत होतं, आणि हे मला आजही आश्चर्याचं वाटतं, कारण आठवड्यापूर्वी तेच लोक तक्रार द्यायला निघाले होते. दोन पोत्यांचे पैसे गोळा केले. काकांनी घेतले नाहीत. "पैशानं काय करू? माणसं मिळेनात. मळणीला या."

सुगीत या गावांतून मजूर मिळत नाही, हे आम्ही ऐकून होतो. तरणी पोरं गोव्याला आणि पुण्याला, उरलेली आपापल्या शेतात. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी आम्ही आठजण खळ्यावर होतो. भारे झोडायचे, पिंजर बाजूला करायचं, भात गोळा करून वारं द्यायचं. बंधाऱ्याच्या कामात ताठ असलेले बँकवाले दुपारी बाराला आडवे झाले. भाताची कुसळं अंगाला अशी लागतात की रात्री झोप येत नाही, हेही कळलं. कॉलेजच्या एका मुलीला काकूंनी सुपानं पाखडायला शिकवलं. तिचं पहिलं सूप सगळं मातीत गेलं आणि खळ्यावर हशा पिकला.

काम करता करता काका आपणहून बोलू लागले. त्यांच्या वडिलांच्या वेळी ओढ्यावर माती-दगडाचा बांध घालत असत. जागा आम्ही निवडली ती नव्हे, साठ मीटर खाली, वळणापलीकडे, जिथं ओढा निमुळता होतो. आणि सगळं भात खळ्यावर आल्याशिवाय घालत नसत. "आधी धान्य घरात, मग पाणी ओढ्यात."

इथं एक खरी अडचण होती. ती काकांनाही मान्य होती. भात उचलून संपेपर्यंत पौष उजाडतो. तोवर ओढ्याचं पाणी निम्म्याहून कमी होतं. वडिलांच्या काळी ते चालत होतं. आता वरच्या अंगाला बोअर झाल्या आहेत, ओढा लवकर आटतो. थांबावं तर पाणी जातं, घाई करावी तर भात जातं. यावर खळ्यावर तास-दीड तास वाद झाला. एक शेजारी मध्येच येऊन बंधाराच नको म्हणून गेला. तोडगा कुणी काढला हे नीट सांगता येणार नाही. अर्धा काकांचा होता, अर्धा नळीवाल्या मित्राचा.

दुसरा बंधारा

जागा वळणाखालची, रुंदी पाच मीटर. तळ जुन्या जागेपेक्षा अर्धा मीटर खोल, त्यामुळे पूर्ण उंचीचा बंधारा घातला तरी त्याचा माथा काकांच्या कोपऱ्यापेक्षा २५ सेंटीमीटर खालीच राहणार होता. कागदावर एवढं पुरेसं होतं. पण डिसेंबरात अवकाळी कधी येईल सांगता येत नाही, आणि ओल बांधाखालून झिरपते ती नळीनं मोजता येत नाही. भातानंतर काकांना त्याच खाचरात मसूर टाकायची होती. मसुराला जमिनीतली उरलेली ओल हवी, साचलेलं पाणी नको. मुळं कुजतात.

म्हणून दोन टप्पे. डिसेंबरमध्ये फक्त चार थर, पावणेदोन फुटांचा बंधारा. त्यात साठा पूर्ण बंधाऱ्याच्या चौथा हिस्साच, कारण उंची निम्मी केली की लांबीही निम्मी होते. पण काठ ओला राहतो आणि गुरांना पाणी मिळतं. उरलेले चार थर सगळ्यांचं भात उचलल्यावर. तळाला सहा इंची पीव्हीसी पाइप आरपार घातला, वरच्या तोंडाला झाकण. झाकण थोडं उघडं ठेवलं की बंधारा भरत असतानाही खाली पाणी जात राहतं. झाकणाची जबाबदारी मावशींकडे. त्यांनी ती अशी उचलली की एकदा मी हात लावायला गेलो तर हटकलं.

आणखी एक बदल काकांचा. आम्ही वरच्या बाजूला प्लास्टिकचा कागद अंथरायचो. ते म्हणाले, चिकण माती थापा. खानापूरची माती कौलांसाठी आणि मडक्यांसाठी नावाजलेली आहे, ती पाणी धरते. बुट्ट्यांनी आणून पायानं तुडवून सांध्यांत भरली. गळती कागदापेक्षा कमी होती.

पोतीही आता लांब, पंपाजवळ धुतो. पहिल्या वेळी ओढ्यातच झटकली होती आणि सिमेंटची पूड डोहात गेली होती. मासे मेलेले कुणी पाहिले नाहीत, पण ती पूड चुन्यासारखीच जहाल असते आणि हे आम्हाला न कळण्यासारखं नव्हतं.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी वरचे थर चढले. त्या दिवशी पाणी मोजलं तर सेकंदाला सहा लिटर. त्यातलं निम्मं पाइपातून खाली सोडलं तर बंधारा भरायला अठरा तास लागणार होते. कुणालाच घाई नव्हती. त्या दिवशी गावातले एकवीस जण कामाला होते आणि आम्ही चौदा. पोती कमी लागली, अडीचशे, त्यातली बहुतेक जुन्या बंधाऱ्याची.

पाणी मार्चच्या मध्यापर्यंत टिकलं. काकांच्या विहिरीची पातळी आदल्या वर्षीपेक्षा बरी होती, असं ते म्हणतात. पण एका वर्षावरून काही म्हणणं बरोबर नाही, त्या वर्षी पाऊसही लांबला होता. डोहात मार्चमध्ये धनेश उतरताना पाहिले, असं एकानं सांगितलं. मी स्वतः पाहिले ते बगळे आणि म्हशी.

मे महिना

याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, म्हणून लिहितो. पोती प्लास्टिकची असतात. उन्हात दोन-तीन महिन्यांत त्यांचे धागे सुटतात, आणि पावसाळ्याच्या पहिल्या पुरात तो चुरा मलप्रभेत जातो. वळवाआधी बंधारा उतरवून पोती बाहेर काढली नाहीत, तर आपण पाणी अडवलं त्यापेक्षा नदीत कचरा जास्त घातला असं होतं. हिवाळ्यात पोती रचायला बावीस माणसं, फोटोसकट. मे महिन्यात ती काढायला आम्ही पाच होतो, त्यात सर, आणि गावातले तिघे. ऊन असं की सकाळी नऊनंतर काम अशक्य, दोन रविवार लागले. चिकण माती सुकून सिमेंटसारखी झाली होती.

अडीचशेतली एकशेऐंशी पोती धड निघाली. ती काकांनी देवळाच्या माळ्यावर ठेवून घेतली.

यंदा पंचायतीचं पत्र एका खेपेत मिळालं. पण तारीख अजून ठरलेली नाही. ऑक्टोबरअखेर फोन केला तर काका म्हणाले, त्यांचं भात उशिराचं आहे, पण त्यांच्याही वरच्या अंगाला ज्यांचं खाचर आहे त्यांनी यंदा बांध बदललाय, ते आधी नळी लावून बघा. गेल्या वर्षी खळ्यावर येऊन बंधारा नको म्हणून गेलेला शेजारी तो हाच. त्याच्याकडे सर पुढच्या बुधवारी जाणार आहेत. देवळातली पोती उंदरांनी कुरतडली आहेत, चाळीसेक तरी. म्हणजे शंभराच्या वर नवी लागतील. ती बेळगावातच धुऊन न्यायची की गावातल्या पंपावर, यावर गटात सध्या वाद चालू आहे.